सासूबाईंचं मनगट, सुनेची मान आणि एक पॉलिसी : न्यू जर्सीतल्या एका अपघात दाव्याची हकिगत

पार्श्वभूमी

हे प्रकरण एडिसनमधल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तारखा मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण अशा दाव्यात सगळं मुदतींवर चालतं. मी वकील नाही. मध्य जर्सीतल्या आपल्या लोकांना विम्याचे कागद वाचून, समजावून द्यायला मी मदत करते, आणि या कुटुंबाचे कागद पहिल्या महिन्यापासून माझ्या नजरेखालून गेले आहेत.

घरात नवरा-बायको, दोघंही आयटीत. सप्टेंबर २०२३ मध्ये नवऱ्याची आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. वय ६६, तब्येत ठणठणीत. मी त्यांना काकू म्हणते, इथेही तेच म्हणेन.

गाडी एकच. तिचा विमा नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी रात्री अकरा वाजता ऑनलाइन घेतला होता. प्रत्येक पानावर 'प्रीमियम कमी करा' असं बटण होतं आणि तो ते दाबत गेला. यात त्याला दोष द्यायला मला जड जातं. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ घरांत पॉलिसी अशीच घेतलेली असते. पुढचं सगळं ज्यावर ठरलं त्या चार निवडी अशा होत्या.

पहिली, दावा करण्याच्या हक्कावर मर्यादा. न्यू जर्सीत पॉलिसी घेताना विचारतात की कोणी धडक दिली तर वेदना आणि त्रासाच्या भरपाईसाठी दावा करण्याचा पूर्ण हक्क ठेवायचा, की मर्यादित. मर्यादित घेतला की प्रीमियम बराच उतरतो. मग कायद्यात दिलेल्या सहा प्रकारांतली इजा असेल तरच त्या भरपाईचा दावा टिकतो: मृत्यू, अवयव तुटणं, मोठा विद्रूपपणा किंवा व्रण, हाड मोडून जागेवरून सरकणं, गर्भ जाणं, आणि कायमची इजा. काहीच निवडलं नाही तर मर्यादित हक्क आपोआप लागतो.

दुसरी, स्वतःच्या पॉलिसीतून मिळणारा वैद्यकीय खर्च, म्हणजे पीआयपी. चूक कोणाचीही असो, उपचाराचा खर्च आधी हे कव्हर देतं. नेहमीची मर्यादा २,५०,००० डॉलर. यांनी सर्वात खालची, १५,००० ची घेतली होती. बुडालेल्या पगारापोटी आठवड्याला १०० डॉलर देणारा भागही काढून टाकला होता.

तिसरी, आपल्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली तर लागणारं लायबिलिटी कव्हर. ते मात्र चांगलं होतं: माणशी १,००,००० आणि एका अपघातामागे ३,००,०००.

चौथी निवड सगळ्यांत महागात पडली. धडक देणाऱ्याचा विमा तुटपुंजा असेल तर फरक आपल्याच पॉलिसीतून मिळावा म्हणून अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर असतं. लायबिलिटीइतकं, म्हणजे १,००,००० पर्यंत ते घेता आलं असतं. यांनी ते किमान आकड्यांवरच ठेवलं. अपघाताच्या वेळी ते किमान माणशी २५,००० आणि अपघातामागे ५०,००० होतं.

अपघात

२१ ऑक्टोबर २०२३, दसऱ्याच्या आधीचा शनिवार. सासू-सुना ओक ट्री रोडवरून पूजेचं सामान घेऊन परत निघाल्या होत्या. गाडी सून चालवत होती. सिग्नलला समोरून येणाऱ्या एका तरुणाने डावं वळण घेतलं आणि त्याची गाडी यांच्या आडवी आली. काकूंनी डॅशबोर्डवर हात टेकला आणि सगळा मार त्या मनगटावर आला.

पोलीस आले. घाबरलेल्या सुनेने अधिकाऱ्याला सांगितलं, की सिग्नल पिवळा होत होता आणि मी जरा घाईत होते. ते वाक्य जसंच्या तसं पोलीस रिपोर्टात उतरलं. तुला लागलंय का, या प्रश्नाला तिने "मी ठीक आहे, आईंकडे बघा" असं उत्तर दिलं. तेही उतरलं.

काकूंचं मनगट मोडून हाड सरकलं होतं. दोन दिवसांनी प्लेट आणि स्क्रू बसवले. सुनेची मान तिसऱ्या दिवसापासून आखडली, उजव्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. पण काकूंना न्हाऊ घालणं, वेणी घालणं, ऑफिस या धबडग्यात ती डॉक्टरकडे गेली ती अकराव्या दिवशी.

अडचण

तिसऱ्या दिवशी समोरच्या ड्रायव्हरच्या विमा कंपनीचा फोन आला. गोड बोलणारी बाई. "तुमचं म्हणणं रेकॉर्ड करून घेऊ का?" सून हो म्हणाली. आपल्या स्वतःच्या कंपनीला सहकार्य करणं पॉलिसीनुसार बंधनकारक असतं, समोरच्याच्या कंपनीला निवेदन देणं मुळीच बंधनकारक नसतं, हे तिला माहीत नव्हतं. त्या रेकॉर्डिंगमध्येही ती म्हणाली, मान थोडी दुखते, होईल बरी.

तीन आठवड्यांनी त्याच कंपनीचं पत्र आलं: २,००० डॉलर घ्या आणि सोबतच्या कागदावर सही करा. तो कागद घेऊन नवरा माझ्याकडे आला. "घेऊन टाकूया का? कोर्टकचेरी कोण करणार? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात." त्याच्या मनात आणखी एक भीती होती, ग्रीन कार्डाची. आपण दावा केला तर त्यात अडथळा येईल का? इथल्या कितीतरी घरांत ही भीती बोलून न दाखवता असते, म्हणून स्पष्ट लिहिते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करणं हा गुन्हा नाही. अटक-गुन्ह्याबद्दलच्या प्रश्नांत तो बसत नाही.

त्या कागदात काय होतं ते मी त्याला ओळीवर बोट ठेवून दाखवलं. सही केल्यावर या अपघातातून उद्भवणाऱ्या, आज माहीत असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या इजांवरचा हक्क संपणार होता. तेव्हा मानेचा एमआरआयसुद्धा झालेला नव्हता. सही केली नाही, हा या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय.

आणि मग डिसेंबरात त्यांच्याच विमा कंपनीचं पत्र आलं: काकू घरातल्या रहिवासी नातेवाईक आहेत, त्यामुळे त्यांच्या उपचारालाही १५,००० चीच मर्यादा लागू. पीआयपीच्या दरपत्रकानुसार कापून सुद्धा ऑपरेशन आणि फिजिओथेरपीचं बिल ४१,००० च्या घरात जात होतं. उरलेले २६,००० कोण भरणार, या चिंतेने घरात चार दिवस कोणी नीट जेवलं नाही. काकू म्हणाल्या, "मी आलेच नसते तर बरं झालं असतं."

एक लाइट बिल

इथे थोडं थांबते, कारण कायद्याचं बारीक कलम माणसाच्या किती उपयोगी पडू शकतं ते मी या एका प्रसंगात पाहिलं.

पीआयपीची खालची मर्यादा ही पॉलिसीधारकाची निवड असते आणि ती त्याला व त्याच्या घरात राहणाऱ्या नातेवाइकांनाच बांधते. त्याच गाडीत बसलेल्या इतर माणसाला, उदाहरणार्थ पाहुण्याला, पूर्ण २,५०,००० पर्यंतचं संरक्षण मिळतं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरला: काकू एडिसनच्या घरात 'राहतात', की 'आल्या आहेत'?

मुलाने आईचं परतीचं तिकीट काढलं, अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणारी नोंद काढली. आणि सांगलीच्या शेजाऱ्यांना फोन करून दारात पडलेलं महावितरणचं लाइट बिल व्हॉट्सॲपवर मागवलं. बिल काकूंच्या नावाचं. घर बंद असल्याने वापर अगदी जुजबी, पण मीटर चालू, बिल चालू. त्याचं इंग्रजी भाषांतर मी केलं. 'ग्राहक क्रमांक', 'स्थिर आकार', 'वीज आकार' या शब्दांशी झटापट करताना मला फार बरं वाटलं होतं, कारण कागद स्वच्छ बोलत होता: या बाईंचं घर सांगलीत आहे आणि त्या तिथे परत जाणार आहेत.

जानेवारीत कंपनीने आपलं पत्र मागे घेतलं. काकूंचा वैद्यकीय खर्च पीआयपीतून झाला.

शिवाय आणखी एक गोष्ट काकूंच्या बाजूने होती. दाव्याच्या हक्कावरची मर्यादा पॉलिसीधारक दांपत्याला आणि घरात राहणाऱ्या त्यांच्या मुलांनाच लागते, आईला नाही. काकूंचं हाड सरकलं असल्याने त्या सहा प्रकारांत तशाही बसत होत्या, म्हणून त्याची गरज पडली नाही. पण मार साधा मुरगळीचा असता तर याच नियमाने दावा तरला असता.

दोन वकील कशाला?

नोव्हेंबरच्या शेवटी कुटुंब एका वकिलाकडे गेलं. फी नेहमीच्या पद्धतीची, भरपाई मिळाली तर खर्च वजा जाता एक तृतीयांश. त्याने सह्या घेण्याआधी पोलीस रिपोर्ट मागवला, वाचला आणि म्हणाला, "मी दोघींचं काम घेऊ शकत नाही. आईंसाठी दुसरा वकील बघा."

घरी आल्यावर नवरा संतापला होता. हा माणूस आमच्या घरात फूट पाडतोय, म्हणाला.

वकील बरोबर होता. 'मी घाईत होते' या एका वाक्यामुळे थोडी चूक सुनेकडेही जाऊ शकत होती. प्रवाशाची चूक शून्य. ज्या ज्या ड्रायव्हरची चूक असेल त्या त्या ड्रायव्हरकडून भरपाई मागायचा प्रवाशाला हक्क असतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत काकूंचा दावा दोघांवर होता, त्या तरुणावर आणि आपल्या सुनेवर. एकाच वकिलाने दोघींचं काम घेतलं असतं तर एकीसाठी त्याने दुसरीविरुद्ध एक शब्द काढला नसता, आणि काकूंना हा पर्याय आहे हे कधी कळलंही नसतं.

पर्याय

काकूंच्या वकीलबाई इझेलिनच्या. त्यांनी पहिल्यांदा समोरच्याच्या पॉलिसीची मर्यादा लेखी मागवली. २०२२ च्या कायद्याने न्यू जर्सीत वकिलाने मागितल्यावर खासगी गाडीच्या विमा कंपनीला ती ३० दिवसांत कळवावी लागते. उत्तर आलं: माणशी २५,०००, अपघातामागे ५०,०००. त्या वर्षीचं कायदेशीर किमान. २०२३ आधी तर हे किमान १५,००० आणि ३०,००० होतं. १ जानेवारी २०२६ पासून ते ३५,००० आणि ७०,००० झालं आहे.

त्या तरुणाच्या नावावर घर नव्हतं, नोकरी साधी. त्याच्या खिशातून काही मिळेल ही आशा नव्हती.

मग आपलं अंडरइन्शुअर्ड कव्हर? आकडे कसे चालतात ते बघा. न्यू जर्सीत हे कव्हर समोरच्याच्या रकमेवर चढत नाही, दोन्ही मर्यादांची तुलना होते. तुमची मर्यादा समोरच्यापेक्षा मोठी असेल तरच फरक मिळतो. यांचे २५,०००, त्याचे २५,०००. फरक शून्य. १,००,००० चं कव्हर असतं तर काकूंसाठी आणखी ७५,००० पर्यंत वाट उघडी होती. नवऱ्याला हे समजावलं तेव्हा तो बराच वेळ पॉलिसीच्या त्या एका ओळीकडे बघत राहिला.

उरला पर्याय सुनेचा, म्हणजे खरं तर सुनेच्या लायबिलिटी कव्हरचा. वकीलबाईंनी कागदावर गणित मांडलं. समजा ज्युरीने काकूंचं नुकसान दीड लाख धरलं आणि चूक ८० टक्के तरुणाची, २० टक्के सुनेची ठरवली. तरुणाच्या वाट्याचे १,२०,००० येतात, पण विमा २५,००० चाच. ज्याची चूक ६० टक्क्यांहून कमी, तो फक्त आपल्या वाट्याचं देणं लागतो. म्हणून सुनेच्या बाजूने ३०,०००, आणि ते तिची विमा कंपनी भरणार. सुनेच्या खिशातून काही जाणार नाही. तिच्यासाठी वकीलही कंपनीच देणार.

कागदावर हे सोपं होतं. पण दाव्याच्या पहिल्या पानावर विमा कंपनीचं नाव येत नाही. तिथे लिहावं लागतं: वादी सासू, प्रतिवादी सून.

शिवाय सुनेच्या स्वतःच्या मानेचा दावा होताच. काकूंच्या बाजूने सून वेगात होती हे सिद्ध झालं असतं तर त्याच पुराव्याने सुनेची भरपाई घटली असती. घरातल्या एकीचा फायदा दुसरीचा तोटा ठरत होता. म्हणून मला हा प्रश्न फक्त 'लोक काय म्हणतील'चा कधीच वाटला नाही.

काकूंचा निर्णय

फेब्रुवारी २०२४ मध्ये तरुणाच्या कंपनीने काकूंसाठी पूर्ण २५,००० देऊ केले. परतीचं विमान मार्चच्या पहिल्या आठवड्यात. वकीलबाईंनी काकूंना एकटं भेटायचं ठरवलं, मुलगा नको, सून नको. दुभाषी म्हणून मी होते. त्यांची हरकत नाही, म्हणून तिथला थोडा भाग सांगते.

काकूंनी सगळं ऐकलं. मग प्लेट बसवलेला हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "अपघाताच्या रात्रीपासून ती पोर माझं सगळं करतेय. माझी वेणी तिनं घातली, तिची मान दुखत असताना. मी तिच्यावर केस करू?"

मी सांगितलं की पैसे कंपनी देणार आहे.

"नाव तिचंच लिहिणार ना?"

वकीलबाई म्हणाल्या, हो.

"मग नको."

वकीलबाईंनी आग्रह केला नाही. पण एक काम त्यांनी फार शहाणपणाने केलं. समोरच्या कंपनीने पाठवलेल्या, हक्क सोडून देण्याच्या कागदात 'अमुक ड्रायव्हर आणि इतर सर्व व्यक्ती' असे शब्द होते. 'इतर सर्व व्यक्ती' त्यांनी खोडायला लावलं. तसंच सही झालं असतं तर सुनेवरचा हक्कही तिथेच संपला असता. ते शब्द गेल्यामुळे काकूंना मन बदलायला २१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत अवधी राहिला. शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत इथे अपघातापासून दोन वर्षं आहे.

२५,००० मधून खर्चाचे १,००० गेले, उरलेल्या २४,००० चा तिसरा हिस्सा म्हणजे ८,००० फी. काकूंच्या हातात १६,००० आले आणि त्या सांगलीला परतल्या.

सुनेची मान

सुनेचं प्रकरण उलट होतं. चूक कोणाची याबद्दल फार वाद नव्हता. वाद होता तो इजा कायमची आहे का, यावर. तिला मर्यादित हक्क लागू असल्याने हे सिद्ध केल्याशिवाय वेदनेपोटी एक डॉलरही मिळणार नव्हता. कायद्याची व्याख्या साधी आहे: तो भाग पूर्ववत काम करण्याइतका बरा झालेला नाही आणि पुढच्या उपचारांनीही होणार नाही. पण डॉक्टरला ते वस्तुनिष्ठ पुराव्यावर लिहून द्यावं लागतं. दुखतंय एवढं सांगून भागत नाही.

एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती बाहेर आलेली दिसली. नसांच्या तपासणीत त्या पातळीवरची नस दबल्याचं दिसलं, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मुंग्यांशी ते जुळत होतं. जून २०२४ पर्यंत फिजिओथेरपी, तपासण्या आणि मानेतली दोन इंजेक्शनं यात पीआयपीचे १५,००० संपले. पुढचा खर्च नोकरीच्या आरोग्य विम्याने केला.

त्याच महिन्यात न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात दावा दाखल झाला. प्रतिवादीचं उत्तर आल्यापासून ६० दिवसांत डॉक्टरांचं कायमच्या इजेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. डॉक्टर सुट्टीवर, प्रमाणपत्र ५४ व्या दिवशी हातात आलं. ते सहा दिवस मी विसरणार नाही.

समोरच्या वकिलाने तीन गोष्टी काढल्या. अकरा दिवस डॉक्टरकडे का गेली नाही. २०२१ मध्ये घरून काम करताना मान दुखते म्हणून फिजिओथेरपी घेतली होती, मग हे दुखणं जुनंच नाही कशावरून? आणि तिसरी, एक फोटो. नवरात्र २०२४, हिरवी पैठणी, हातात दांडिया, चेहऱ्यावर हसू. तिच्या मैत्रिणीने तो टाकला होता. झूमवर साक्ष चालू असताना तो पडद्यावर आला. ती म्हणाली, "दोन फेऱ्या खेळले, मग बसले. बसलेल्याचा फोटो कोणी काढत नाही."

जुन्या दुखण्याचं उत्तर तिच्या जुन्या कागदांनीच दिलं. २०२१ च्या नोंदींत बोटांच्या मुंग्यांचा उल्लेख कुठेही नव्हता. वकिलाने त्या नोंदी लपवल्या नाहीत, उलट आधीच स्वतःच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून तुलना लिहून घेतली.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने नेमलेल्या लवादासमोर सुनावणी झाली. इथे वाहन अपघाताच्या दाव्यात ही पायरी घ्यावीच लागते, पण निकाल बंधनकारक नसतो, ३० दिवसांत कोणीही तो नाकारून पूर्ण खटला मागू शकतं. लवादाने नुकसान २५,००० धरलं, सुनेची चूक २० टक्के, म्हणून २०,०००. कंपनीने नाकारलं. मग घासाघीस होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला १७,५०० वर तडजोड झाली.

खटल्यापर्यंत जावं का, यावर नवरा-बायकोत दोन रात्री बोलणं झालं. तज्ज्ञ डॉक्टरांना साक्षीला आणायचा खर्च हजारोंत, आणि ज्युरीने कितीही दिले तरी हाताला लागणारी पॉलिसी २५,००० चीच. तडजोड योग्य होती असं मला आजही वाटतं.

१७,५०० मधून २,५०० खर्च, ५,००० फी. उरलेल्या १०,००० वर नोकरीच्या आरोग्य योजनेने आपला हात टाकला: आम्ही भरलेले ४,००० परत द्या. ती योजना कंपनीच्या स्वतःच्या पैशांवर चालणारी, संघराज्याच्या कायद्याखालची, त्यामुळे राज्याच्या कायद्याचं संरक्षण तिथे चाललं नाही. वकिलाने ते २,४०० वर आणलं. दोन वर्षांनी सुनेच्या हातात ७,६०० आले.

वेगळं काय करता आलं असतं

कुटुंबाबरोबर बसून आम्ही हे सगळं पुन्हा वाचलं, तेव्हा निघालेल्या गोष्टी सांगते. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

अंडरइन्शुअर्ड कव्हर ही सगळ्यांत मोठी. बाकी सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. समोरचा कोणता विमा घेऊन रस्त्यावर येईल हे आपल्या हातात नसतं, आपल्या घरापुरतं हे कव्हर मात्र आपल्या हातात असतं. ते पुरेसं असतं तर काकूंसमोर सुनेचं नाव लिहायचा प्रश्न बहुधा आलाच नसता.

अकरा दिवस. सून दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली असती तर समोरच्या वकिलाच्या हातातला एक मुद्दा कमी झाला असता. आपल्या बायका घरातल्या दुसऱ्याचं दुखणं आधी बघतात, आणि विमा कंपनी त्याचा अर्थ 'हिला काही झालं नव्हतं' असा लावते. हे मला मनापासून लागतं.

पोलिसांना खरं सांगायचंच. पण 'घाईत होते' हे वेगाचं माप नव्हतं, ती मनाची घालमेल होती. सिग्नलचा रंग, आपला वेग, समोरच्याचं वळण, एवढं सांगून थांबता आलं असतं. समोरच्या कंपनीच्या रेकॉर्डिंगला नाही म्हणता आलं असतं.

आणि काकूंचा निर्णय. तो चुकला असं मी म्हणणार नाही. पण तो विमानाच्या तिकिटाच्या आधीच्या आठवड्यात घ्यावा लागला, ते चुकलं. नोव्हेंबरात वकिलाने 'दुसरा वकील बघा' म्हटलं तेव्हाच सासू, सून आणि मुलगा यांनी एकत्र बसून याचं नाव घ्यायला हवं होतं. त्याऐवजी तिघांनीही तो विषय एकमेकांपासून जपला. सुनेला पुढे मी विचारलं, तुझं काय मत होतं? ती म्हणाली, "मी म्हटलं असतं करा. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी आपणहून कशी म्हणणार होते? आईंना वाटलं असतं मी पैशांकडे बघतेय."

पुढे

२०२५ च्या उन्हाळ्यात काकूंचं मनगट आखडायला लागलं. पोळी लाटताना हात पूर्ण वळत नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी प्लेट काढायचं सुचवलं. मुलाने फोनवर एकदाच विषय काढला: आई, अजून मुदत आहे. काकू म्हणाल्या, "तो कागद फाडून टाक."

नवऱ्याने नवी पॉलिसी घेतली. अंडरइन्शुअर्ड कव्हर २,५०,०००, लायबिलिटी तेवढंच, कारण लायबिलिटीपेक्षा जास्त अंडरइन्शुअर्ड कव्हर घेता येत नाही. पीआयपी पूर्ण, दाव्याचा हक्क पूर्ण. या वेळी त्याने प्रत्येक पान माझ्यासमोर उघडलं आणि सून शेजारी बसून वाचत होती.

२१ ऑक्टोबर २०२५ ला मुदत संपली. सांगलीत त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर काकूंनी पाटावर मांडलेली पूजा दाखवली, डाव्या हाताने निरांजन धरून. सुनेने तिकडून विचारलं, "आई, उजवा हात दुखतोय का?" काकू म्हणाल्या, "थंडीनं असेल. तुझी मान कशी आहे?"